छाया : नकोशी

“वर बघू नगंस गं! कोकरं झाक, कोकरं!”

कळसच्या माळावर आजीची ही हाक अशी घुमायची की कुसळी गवतसुद्धा दचकून एका बाजूला झुकायचं. आभाळात गरुडाचा ठिपका दिसला रे दिसला की आजी घोंगडं उडवत धावायची, बाया पदर पसरायच्या, कुत्री ऊर फुटेस्तोवर भुंकायची, मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली शिरायच्या. सगळ्या माळाच्या माना खाली. एकच मान तेवढी वर. परकराच्या ओच्यात बोरं, नाकाला शेंबूड, आणि तोंडाचा आ वासून आभाळाकडे बघत राहिलेली एक पोर. गरुड वर गोल फिरायचा, तशी ती खाली जागच्या जागी गोल फिरायची, आणि शेवटी भोवळ येऊन कोकरांच्याच अंगावर पडायची.

“गरूड परवडला,” आजी कपाळावर हात मारायची, “पर ही पोर न्हाय परवडत.”

त्या पोरीचं नाव नकोशी. दोघींच्या पाठीवर ही तिसरी आली, तेव्हा पुढचा तरी मुलगा असावा म्हणून घरच्यांनी देवाला केलेली ती सूचना होती. देवाने ती वाचली असावी. पुढच्या खेपेला राम झाला.

आता आजी नाही आणि मेंढ्याही नाहीत. माळाच्या कडेकडेने ऊस सरकत आला, बापाच्या दावणीला चार शेळ्या उरल्या, आणि राम इंदापुरात ‘राम फोटो स्टुडिओ’ चालवू लागला. नकोशी त्याला हाताखाली मदत करते, असं म्हणायची पद्धत होती. खरं तर लग्नात राम स्टेजसमोर उभा राहून “नवरदेव, मान वर! नवरीबाई, हसा थोडं!” एवढं ओरडायचा, आणि फोटो नकोशी काढायची. वरमाईच्या नथीतला मोती, सासरी निघालेल्या पोरीच्या बापाने पाठ फिरवून पुसलेले डोळे, पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी घेताना पकडला गेलेला पाव्हणा, हे सगळं तिला दिसायचं. तिशी कधीच ओलांडलेल्या नकोशीने लग्नं शेकड्यांनी पाहिली होती; सगळी लेन्समधून.

अल्बमवर मात्र सोनेरी अक्षरांत छापलेलं असायचं, ‘राम फोटो’.

दर वेळी अल्बम छापायला जाताना तिच्या जिभेवर एक वाक्य यायचं, ओठांपर्यंत पोचायचं, आणि आवंढ्याबरोबर माघारी जायचं. तिने म्हटलं असतं तर रामने “बरं आक्का” म्हणून मोकळं केलं असतं. पण म्हणायचं कसं? जे नाव ऐकलं की माणसं आधी फिसकन हसतात आणि मग “अरेरे” करतात, ते नाव छापा असं सांगायला जीभ उचलत नव्हती. आणि आपण काढलेल्या फोटोखाली आपलं नाव एकदा तरी बघावं, ही हौस काही जात नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ती माळावर जायची. जुन्या बाजारातून घेतलेली, दुधाच्या किटलीएवढी एक लांब लेन्स तिच्याकडे होती. थंडी पडली की गरुड यायचे, आणि ती बाभळीच्या आडोशाला पालथी पडून त्यांची वाट बघायची. ते फोटो कुणी मागायचं नाही, म्हणून ती कुणाला दाखवायची नाही.

अशा थंडीतल्या एका सकाळी स्टुडिओसमोर पांढरी गाडी थांबली आणि दिग्विजय उतरला. दिग्विजय म्हणजे आप्पासाहेबांचा पुतण्या. आप्पासाहेब म्हणजे कारखान्याच्या संचालकपदाला उभे राहिलेले आप्पासाहेब. त्यांचा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

“रामभाऊ, एक गरूड द्या,” कटिंग चहा सांगावा तसं तो म्हणाला.

“देऊ की. इंटरनेटवर ढीगभर पडल्यात.”

“त्यो नगं! मागल्या खेपंला त्योच लावला, आन् समोरच्या पॅनेलच्या विजयसिंहांनी बी त्योच लावला. चौकात दोन फ्लेक्स समोरासमोर, पुढारी दोन आन् गरूड एकच! वर हायस्कूलचं मास्तर म्हणालं, ह्यो तर अमेरिकेचा हाय, पांढऱ्या डोक्याचा. तवापासनं आप्पासाहेब दर रविवारी केस काळं करत्यात.” दिग्विजयने आवाज खाली घेतला. “औंदा आपल्या मातीतला गरूड पायजे.”

राम डोकं खाजवू लागला. तेवढ्यात आतून, कॉम्प्युटरच्या मागून, त्याची बायको स्वप्नाली म्हणाली, “आमच्या वन्सं काढत्यात की! माळावर जाऊन.”

दिग्विजयने नकोशीकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं तो या दुकानात येत होता, पण तिथे खुर्ची आणि फोटोचा पडदा यांच्यामध्ये एक बाई असते हे त्याला आजच कळल्यासारखं दिसलं. नकोशीने संकोचत फोटो दाखवले. दिग्विजयचा चेहरा उतरला.

“अवो, पर ह्यो बसलाय!”

“बसतोच त्यो. उगंच कशाला उडंल?”

“असं कसं चालंल? उमेदवार बसला म्हंजे अर्ज मागं घेतला! झेप पायजे, ताई. गरूडझेप!”

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला दोघं माळावर होती. दिग्विजय देखरेखीला आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, गॉगल आणि फर्लांगभर घमघमणारं अत्तर. नकोशीने त्याला गवतात पालथं पडायला लावलं. माळाचं कुसळी गवत एरवी मेंढीच्या लोकरीत शिरतं. त्या दिवशी त्याला दिग्विजय मिळाला.

समोर एका चढावर गरुड होता. मोठा, तपकिरी, पायापर्यंत पिसांची विजार घातलेला. तो चालत होता. हात मागे बांधून वावराच्या बांधावरून फिरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, दोन पावलं पुढे, मान तिरकी, थांब, परत दोन पावलं. मध्येच वाकून त्याने काहीतरी उचललं.

“साप धरला?” दिग्विजयने आशेने विचारलं.

“नाकतोडा.”

“नाकतोडा? गरूड नाकतोडं खातो?”

“मिळंल ते खातो.”

दिग्विजयने गॉगल काढून पुन्हा नीट पाहिलं. “ताई,” तो म्हणाला, “ह्ये आप्पासाहेबांच्या कानावर घालू नका.”

ऊन वर आलं. गरुडाने नाकतोड्यांची पंगत आटोपली आणि पंख फुगवून नुसता उभा राहिला.

“हलगी आणू का? एक काडी मारली की भुर्रकन्...”

“गप पडून ऱ्हावा. आपण त्येच्या दारात आलोय, त्यो आपल्या न्हाय.”

“अवो, पर हितं मला नको तिथं टोचाया लागलंय!”

आणि तो पलीकडे तोंड करून, नको तिथलं कुसळ उपटायला लागला. नेमकी तेव्हाच माळावरून उबदार वाऱ्याची एक लाट वर आली. गवत आधी थरथरलं. गरुडाने मान उंचावली, गुडघे किंचित वाकवले, आणि जमिनीनेच आपला हात वर करावा तसा तो उठला. पंख पुरते उघडले. प्रत्येक पिसाच्या टोकातून ऊन गाळल्यासारखं खाली पडत होतं. नकोशीचं बोट आपोआप दाबलं जात होतं.

“झालं,” ती शेवटी पुटपुटली.

दिग्विजय वळला. “कुठं गेला?”

“उडाला.”

“मला सांगायचं तरी!”

फोटो पाहायला सगळा स्टुडिओ स्क्रीनपुढे जमला. राम म्हणाला, “आक्का, नवरदेवासारखा दिसतोय.” स्वप्नालीने तर पदरानेच स्क्रीन पुसली. संध्याकाळी तिने फ्लेक्स मांडला. वरून खाली झेपावल्यासारखा गरुड, त्याच्या पंखाखाली हात जोडलेले, केस काळे केलेले आप्पासाहेब, आणि खाली ठसठशीत लाल अक्षरांत ‘आप्पासाहेबांची गरुडझेप’. नकोशी पाठीमागे उभी होती. तेच जुनं वाक्य जिभेवर आलं, ओठांशी पोचलं, आणि ती म्हणाली, “लाल जरा जास्तच झालाय.” मग पाणी प्यायला आत गेली.

नणंदेचा आवंढा स्वप्नालीला पाठमोराही दिसला. तिच्या मनात आलं, मागत नाहीत म्हणून काय झालं, वाढदिवशी चौकात बघून चकित होतील. वर्तमानपत्रात फोटोखाली ‘छाया’ लिहून पुढे फोटो काढणाऱ्याचं नाव देतात, हे तिला ठाऊक होतं. तिने अगदी तसंच, गरुडझेपेच्या बरोबर खाली, दोन टिंबं देऊन, हौसेने टाइप केलं, ‘छाया : नकोशी’. रामने पाठवताना नजर टाकली, पण आप्पासाहेबांचे केस पुरेसे काळे आहेत ना, एवढंच बघितलं. बारामतीच्या छापखान्यात एवढासा फ्लेक्स घराएवढा झाला, आणि त्याच्याबरोबर खालची ओळही वाढली. टिंबं मात्र दुरून नजरेत भरण्याइतकी वाढली नाहीत.

वाढदिवसाच्या सकाळी इंदापूरपासून बारामतीपर्यंत रस्त्याला गरुडच गरुड लागले. नकोशी स्कूटीवरून कळसच्या फाट्यावर आली आणि तिने ब्रेक दाबला. तिचा गरुड आभाळाएवढा झाला होता. तिची नजर पंखावरून पायांवर, पायांवरून आप्पासाहेबांवर, तिथून लाल अक्षरांवर आली, आणि मग त्याखाली. ती गाडीवरून उतरली, फ्लेक्सपाशी गेली, आणि इकडेतिकडे बघून तिने ‘न’ला हळूच बोट लावलं. खोटं नव्हतं. छापलेलं होतं. उन्हाने कोमटही झालं होतं.

तेवढ्यात मागच्या चहाच्या टपरीवर दोन म्हाताऱ्यांचं बोलणं सुरू झालं. चष्मा एकाकडेच होता.

“काय लिवलंय रं?”

“आप्पासाहेबांची गरूडझेप... छाया नकोशी.”

“आँ? कुणाची छाया?”

“आप्पासाहेबांचीच की. नकोशी झालीया म्हणं.”

“आरं मग फ्लेक्स विजयसिंहांनी लावला व्हय?”

“न्हाय न्हाय. खाली आप्पासाहेबांचंच मित्रमंडळ हाय.”

पहिल्याने बशीतला चहा भुरकला. “काय बी म्हण, माणूस प्रामाणिक हाय.”

नकोशीने बोट काढून घेतलं. ते एकदम भाजल्यासारखं झालं होतं.

दुपारपर्यंत तो फ्लेक्स तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये पोचला. विजयसिंहांनी स्वतः त्यापुढे उभं राहून, गरुडाला हार घालून फोटो काढून घेतला. लासुर्ण्याच्या कुठल्या तरी कवीने त्यावर चारोळी केली. दिग्विजयने घाबराघुबरा होऊन पोरांना फोन लावले, “छाया झाका! आदी छाया झाका!”

पोरं आज्ञाधारक होती. सणसरच्या पोरांना वाटलं, आप्पासाहेबांच्या फोटोवर ऊन येतंय. त्यांनी वर शेडनेट बांधलं. बाकीच्यांनी मात्र अगदी सांगितल्याबरहुकूम ‘छाया’ या शब्दावर पांढरा कागद चिकटवला. राहिलं काय? ‘आप्पासाहेबांची गरुडझेप नकोशी’.

“काळा रंग फासा त्या वळीवर!” राम फोनवर ओरडला.

“आन् ‘आप्पासाहेबांच्या फ्लेक्सला काळं फासलं’ म्हणून बोंब झाली म्हंजे?” तिकडून दिग्विजय रडवेला झाला.

चारच्या सुमाराला खुद्द आप्पासाहेब स्टुडिओत आले. रामने खुर्ची पुसली, पुन्हा पुसली, आणि शेवटी स्वतःच चुकून तिच्यावर बसला. मग ताडकन उठला. स्वप्नाली कोपऱ्यात मुसमुसत होती. “मी घातलं नाव. वन्संना ठावं बी न्हवतं.”

आप्पासाहेब बसले. पाणी प्यायले. पुढारी असले तरी माणूस सरळ होता. राग आला की त्यांना आधी तहान लागायची.

“कोण हाय ही नकोशी?”

सगळ्यांनी एकदम बोटं दाखवली. नकोशी पडद्याआडून पुढे आली.

“फोटू तू काढलास?”

“व्हय.”

“झकास काढलास.” त्यांनी निःश्वास सोडला. “पोरी, माझं वाकडं तू न्हाय केलंस. तुझ्या नावानं केलं.”

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. राम तोंडावर हात धरून बोलला, पण त्याचा आवाज स्टेजवर तयार झालेला होता. “हां... सुप्याहून? लग्न कवा? बरं... न्हाय, मी येतो की... काय? नकोशीच पायजे?”

“कोण पायजे?” आप्पासाहेबांनी भुवया वर केल्या.

“नकोशी, साहेब. म्हणत्यात, गरूड काढला तशी आमची पोरगी काढा. सकाळपासनं तिसरा फोन हाय.”

आप्पासाहेब बराच वेळ आपल्या काळ्या केसांवरून हात फिरवत राहिले. अडचण आली की तिचा कार्यक्रम करायचा, ही त्यांची उभ्या राजकारणातली रीत होती. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“दिग्विजय, फ्लेक्स उतरवला तर आपण हरलो. पर नावच बदललं तर?”

“आपलं?”

“हिचं रं! तालुक्याची लेक, एवढी गुणी, आन् नाव असलं? आपण तिचं बारसं करू. माझ्या हस्ते. मंडप, पाळणा, घुगऱ्या, समदं! छाया नकोशी न्हाय, छाया... छाया...”

“विजया!” दिग्विजय उत्साहाने म्हणाला, आणि आप्पासाहेबांच्या डोळ्यांकडे पाहून लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

“राजलक्ष्मी,” आप्पासाहेब म्हणाले. “माझ्या मातोश्रींचं नाव.”

रामने बहिणीकडे पाहिलं. नकोशीच्या जिभेवर ते वाक्य आलं. पण खोली माणसांनी भरलेली होती, आप्पासाहेबांचा ग्लास पुन्हा रिकामा झाला होता, स्वप्नालीचे डोळे सुजले होते. आणि तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. आवंढा खाली गेला.

“लाजल्या,” दिग्विजय म्हणाला. बारसं ठरलं.

कळसच्या शाळेच्या पटांगणात मंडप पडला. स्वप्नालीने नवा फ्लेक्स करताना एकही टिंब वापरलं नाही. मधोमध झेंडूने सजवलेला पाळणा टांगला होता. अडचण एवढीच होती की पाळण्यात घालायचं काय. तिशी उलटलेली बाई मावेना, पाळणा रिकामा हलवणं अशुभ, म्हणून शेवटी गरुडाचा फोटो चौकट करून, मऊ दुपट्यात गुंडाळून आत निजवला. तो तिथून सगळ्या पाव्हण्यांकडे करड्या नजरेने बघत होता. बाया पाळण्याची दोरी ओढत गाऊ लागल्या,

“पाळणा बांधिला, मांडवाच्या दारी गं,
लेक झाली तीस वर्सं, बारसं आजवरी गं.
पाळणा हालतो, झेंडूच्या फुलाचा,
आत निजला गं बाई, राजा आभाळाचा.”

नकोशी पाळण्याशेजारी खुर्चीवर बसली होती. नवं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि मांडीवर, हाताला चाळा हवा म्हणून आणलेला कॅमेरा. राजलक्ष्मी. ती मनात म्हणून बघत होती. नाव चांगलं होतं, भरजरी होतं. पण दुसऱ्याचं लुगडं नेसल्यासारखं सारखं खांद्यावरून घसरत होतं. आणि सुप्याच्या पाव्हण्यांना काय सांगायचं? तुम्ही जिला बोलावलंत ती आता नाही म्हणून?

बारशाला आत्या लागते. आत्या बाळाच्या कानात आधी ‘कुर्रर्र’ करते, मग नाव सांगते, आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. नकोशीची आत्या, लीलाबाई, सांगवीला दिलेली. पहिलं नाव तिनेच ठेवलं होतं, तेव्हा ते खोडायचा मानही तिचाच, म्हणून दिग्विजय स्वतः गाडी घेऊन तिला आणायला गेला होता. सत्तरी पार केलेली म्हातारी वाटभर त्याच्याकडून ‘राजलक्ष्मी’ पाठ करून घेत आली होती. म्हणजे दिग्विजय म्हणायचा, आणि ती खिडकीबाहेर बघत “व्हय व्हय” करायची.

आप्पासाहेबांचं भाषण झालं. टाळ्या झाल्या. लीलाबाई उठली, पदर सावरून भाचीच्या कानाशी वाकली. पाठीमागे धपाट्यांसाठी बायांचे हात तयार झाले. नाव सगळ्या तालुक्याला ऐकू जावं म्हणून दिग्विजयने माइक अलगद म्हातारीच्या तोंडाशी धरला. तिला वाटलं, पोराने उन्हाचं काहीतरी थंड खायला आणलंय. तिने मानेनेच ‘मागनं’ म्हटलं, आणि सुरुवात केली.

“कुर्रर्रर्रर्र...” चारी कर्ण्यांतून निघालं. बाहेर झाडावरचे कावळे उडाले.

मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.

“आयक बाय,” म्हातारी कुजबुजली, आणि तिची कुजबूज शाळेच्या भिंतीवर आपटून परत आली. “ही समदी म्हणत्यात, राजलक्ष्मी म्हण. म्हणंन. मला काय त्याचं. पर आदी तुला एक सांगायचं ऱ्हायलंय, ते तेवडं पोटात ठिव. कुणापाशी बोलू नगंस.”

हजारभर माणसं पुढे वाकली. दिग्विजयला माइक काढून घ्यायचं सुचलं, पण हात जागचा हलेना. त्यालाही ऐकायचं होतं.

“तवा बी मला असंच घरनं पढवून धाडलं हुतं, काय म्हणायचं ते. मी पाळण्यापाशी वाकले. तू निजलीबी न्हवतीस. अशी टकामका बघत हुतीस माझ्याकडं, जशी काय तूच माझ्या बारशाला आलीयास आन् तुलाच माझं नाव ठिवायचंय. माझ्यानं त्यो शबुद तुझ्या कानात घालवंना गं. म्या नुसतंच कुर्र केलं, आन् पाठ पुढं केली. धपाटं खाल्लं, घुगऱ्या खाल्ल्या, सांगवीला निघून गेले. समद्यांना वाटलं, ठिवलं नाव. भाएरनं मारत्यात ती हाक. तुझ्या कानात कुणी बी, काय बी घातल्यालं न्हाय बाय. अजून कोराच हाय त्यो.”

पाठीमागे उगारलेले बायांचे हात तसेच हवेत राहिले होते, आणि त्यातल्या काही हातांनी मग हळूच डोळे पुसले.

नकोशी आत्याकडे बघत होती. काहीच न ठेवलेल्या कानात तिला माळावरचा वारा ऐकू येत होता.

आप्पासाहेबांनी माइक हातात घेतला. कुठल्याही प्रसंगाला पुरेल असं भाषण त्यांच्याकडे कायम तयार असायचं. आज ते खिशात सापडेना. त्यांनी पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं, ते मिळालं नाही. मग ते नकोशीपुढे आले आणि, सगळ्या तालुक्यादेखत, आजवर तिला कुणीच न विचारलेली गोष्ट त्यांनी विचारली.

“मंग पोरी... फोटूखाली लिवायचं तरी काय?”

माइक तिच्या हातात आला. जिभेवर वाक्य आलं, ओठांपर्यंत पोचलं, आणि सवयीने घशात आवंढा दाटला. तिने तो गिळला. पण वाक्य या वेळी त्याच्याबरोबर गेलं नाही.

“फोटो मी काढलाय,” ती म्हणाली. चारी कर्ण्यांतून तिचा आवाज तिलाच परका वाटला, आणि आवडलाही. “लग्नाचं बी मीच काढते. त्या समद्यांखाली माझं नाव पायजे, ही माझी लई दिसांची हौस हाय. कुणी ठिवलंच न्हाय म्हणता, तर आज मी ठिवते. नकोशी.”

पहिला धपाटा तिच्या पाठीत स्वप्नालीने घातला. मग बाकीच्यांनी. ती हसत, अंग चोरत, पुन्हा माइकपाशी वाकली.

“आन् आप्पासाहेब, ‘छाया’ तेवडं नका लिवू. ‘फोटो’ लिवा. मोठ्या अक्षरात.”